‘लिफ्ट’ नावाचा फोल्डर

ता. ९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय भावजी,

सप्रेम आशीर्वाद. तुम्ही, जाऊबाई आणि मुली मजेत असाल. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाचा म्हणजे कळेल.

पाकीट बघून जाऊबाई दचकल्या असतील. आजकाल कागदावर पत्र लिहितं कोण! पण करू काय? आमच्याकडे फोन दोन, संगणक एक आणि खातं मात्र दोघांत मिळून एकच. लेकीनं ते उघडून दिलं तेव्हा ती म्हणाली होती, आई, दोघांची वेगवेगळी करू या. तुमचे दादा म्हणाले, आमचं वेगळं असं आहेच काय? मलाही तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. आता गत अशी आहे की मी माझ्या फोनवर काही टाइप करावं, तर यांच्या खिशात टुण्णकन वाजतं. आणि तुम्हाला फोन करावा, तर हे समोरच. सध्या दिवसभर समोरच असतात. रजेवर आहेत. का, तेच सांगायला बसले आहे, पण हात मेला सरळ तिकडे वळत नाहीये.

माझा बेतणीचा वर्ग तुम्हाला माहीत आहे. पुढच्या खोलीत मोठं टेबल, बायका, कात्र्या आणि वटवट. माझे सगळे जुने कागदी नमुने लेकीनं फोटो काढून क्लाउडवर चढवून दिले होते. आई, आता हरवायची भीती नाही, म्हणाली. मागच्या महिन्यात मी कोटाची कॉलर शिकवायला उभी राहिले आणि नेट गेलं. समोर बायका कापड पसरून बसलेल्या, आणि माझी कॉलर कुठल्या तरी परक्या माणसाच्या कपाटात कुलूपबंद! एक जण म्हणालीसुद्धा, मॅडम, आज कॉलरशिवायचाच कोट शिवू या का? सगळ्या फिदीफिदी हसल्या. त्यातच रोजची सूचना, जागा भरली, जागा भरली. मी म्हटलं, पुरे झालं. आपलं सामान आपल्या घरात.

मोठी डिस्क बसवून घेतली आणि एकेक फोल्डर खाली उतरवायला लागले. त्याचे दोन रस्ते असतात. एक, नक्कल करायची. मूळ तिथंच राहतं आणि आपल्याकडे एक प्रत येते. दुसरा, कापून आणायचं. इकडे आलं की तिकडचं गेलं. लेक कानीकपाळी ओरडत होती, आई, आधी नक्कल कर, काही दिवस जाऊ देत, मग तिकडचं पूस. पण मी जन्मभर कापड कापलेली बाई. एकच बाही दोन ठिकाणी कधी असते का? मी कापूनच आणलं. लग्नाचे फोटो आले, लेकीच्या लहानपणीची गाणी आली, माझे नमुने आले. तिकडची कपाटं रिकामी होत होती आणि माझं घर भरत होतं. मजा वाटत होती हो मला.

शेवटी उरला ‘लिफ्ट’ नावाचा फोल्डर. यांचा. मला वाटायचं यांच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीची माहितीपत्रकं असतील, म्हणून आजवर कधी उघडलाच नव्हता. परवाच्या मंगळवारी हे सकाळी कामावर गेले, आणि मी तो कापायला लावला. भांडी आवरून येते तोवर काम झालेलं. मग उघडला, नुसतं नीट आलंय ना बघायला.

पहिला फोटो आमच्या शेगडीचा होता. बटणं बंद. दुसरा पण शेगडीचाच, बटणं चालू. मी म्हटलं, हे काय खूळ? पुढे आमचं दार, आतून, मग बाहेरून. मग कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान, मग आमची गल्ली, आपण चालत यावं तसे एकापाठोपाठ एक. मग शेजारच्या काकांचा चेहरा, त्यांच्या नकळत काढलेला. आणि प्रत्येक फोटोच्या जोडीला आवाजाची एक फाइल. मी एक लावली. यांचा आवाज, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

“हे चपलांचं दुकान. इथून डावीकडे. पंप लागला तर पुढे आलास. मागे फिर.”

भावजी, लग्न झाल्यापासून आम्ही याच घरात आहोत. त्या कोपऱ्यावरून हे डोळे मिटून येतील असं मी कुणालाही पैजेवर सांगितलं असतं.

खरं सांगते, आधी मला हसू आलं. वाटलं, काही तरी नवीन खेळ चाललाय यांचा. मग दुसरी लावली, तिसरी लावली, आणि हसू तोंडातच राहिलं.

“मंगळवार, शुक्रवार हिचा वर्ग. पुढच्या खोलीत बायका असतात. बनियनवर जायचं नाही.”

“चहा झालाय का, हे हिला विचारायचं नाही. कप बघायचा. ओला असेल तर झालाय.”

एकात फक्त जावयाचं नाव होतं. तीन वेळा, सावकाश.

एक फोटो माझा होता. टेबलावर वाकलेली, तोंडात टाचण्या, केस पिंजारलेले. मी घाबरत घाबरतच तो आवाज लावला. मग हे हलकेच हसल्यासारखे झाले आणि म्हणाले, “हिचा उगाच काढला. ही लक्षात आहे.”

मी मोठ्यांदा “अगं बाई!” म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं. त्यानंतर रडू यायला हवं होतं, ते येईना. माऊस हातात धरून नुसती बसून राहिले. दारातून आत येणाऱ्या बाईचा उजवा खांदा उतरता आहे की डावा, हे मी टेप न लावता सांगते. आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाचं मला काही कळू नये? मला राग आला. आधी यांचा, मग माझा, मग परत यांचाच. रोज सकाळी कप हातात घेऊन उभे राहायचे, आणि मी समजायची, विसळायला मदत करतायत! शेजारणीला कौतुकानं सांगत होते हो मी ते.

त्याच्या आत आणखी एक फोल्डर होता, ‘काम’. त्यात लिफ्टच्या यंत्राचे फोटो. खटके, पेट्या, ब्रेकचा दांडा, सगळं जवळून. तिथल्या फायलींत मात्र सांगणारा आवाज यांचा नव्हता. दुसऱ्या कुणाचा तरी होता, शांत आणि समजूतदार. कुणाचा, ते पुढे लिहिते.

“आधी मेन बंद. हात लावून बघ, खटका खाली आहे ना? मग सगळ्या मजल्यांची दारं लागलीत याची खात्री. मग ब्रेकचा दांडा, म्हणजे लिफ्ट इंच इंच सरकते. थोडा सोडायचा, परत धरायचा. थोडा सोडायचा, परत धरायचा. घाई करायची नाही.”

ते ऐकता ऐकता माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हा फोल्डर मी आत्ताच कापून इकडे आणलाय. यांच्या फोनला स्वतःची जागाच नाही, त्यात दिसतं ते सगळं क्लाउडमधलं. म्हणजे आता यांच्या फोनमध्ये काहीही नाही. आणि हे कामावर आहेत, उघड्या यंत्रासमोर.

यांना फोन लावला, वाजत राहिला. परत लावला, परत तेच. कंपनीत लावला, तर तिथली मुलगी थंडपणे म्हणाली, ते दातांच्या दवाखान्याच्या इमारतीत गेलेत, लिफ्ट अडकलीय, आत एक बाई आहे. त्यांना सांगावं तरी काय? माझ्या नवऱ्याला काम येत नाही म्हणून? मी तशीच निघाले. वर्गाला आलेल्या बायकांना जिन्यातच म्हटलं, आज वर्ग नाही, घरी जा. गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

त्या इमारतीत जिन्यावर माणसंच माणसं. रखवालदार म्हणाला, मिस्त्री कधीचे वर गेलेत, काही बोलतच नाहीत. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टमधून त्या बाई ओरडत होत्या, अहो, माझी दाढ काढायची वेळ टळली ना! लोक हसत होते. मी मात्र चढत राहिले. जिन्यांना अंत नव्हता.

हे वर, यंत्राच्या खोलीत, अवजारांच्या पेटीवर बसले होते. हातात फोन. मेनचा खटका खाली ओढलेला दिसला, आणि मी चौकट धरून टेकले.

“तू कशी इथे?” हे म्हणाले.

“सहज.” सहज! धापा टाकत, गळ्यात टेप घालून, सहज.

“फोन बिघडलाय,” हे म्हणाले. “काहीच दिसत नाहीये.”

हे माझ्याकडे बघत राहिले. लहान मूल परीक्षेत शेजारच्याकडे बघतं ना, तसं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “मेन बंद केलं. त्याच्यापुढे काय असतं गं?”

मला विचारत होते, भावजी! मला. जिला घरातला दिवा बदलायचा असला तरी स्टूल धरायला माणूस लागतं. ज्या माणसानं तुम्हाला पोरसवदा असताना हाताशी धरून हेच काम शिकवलं, ज्याच्याबद्दल तुम्ही चारचौघांत सांगता की दादा कानानं यंत्र ओळखतो, तो मला विचारत होता पुढे काय असतं. आणि भयंकर गोष्ट म्हणजे मला ते येत होतं. मघाशीच ऐकलेलं. दारं, मग दांडा, थोडा सोडायचा, परत धरायचा. अगदी जिभेवर आलं होतं.

मी नाही सांगितलं. मी म्हटलं, “काही नसतं. बसा. कशाला हात लावू नका.”

मग कंपनीत फोन करून सांगितलं की यांना चक्कर आलीय, दुसरा माणूस पाठवा. आला तो. त्या बाई सुटल्या, दाढ धरून दवाखान्यात गेल्या. सगळ्यांनी यांना पाणी दिलं, रुमालानं वारा घातला. आणि हे चक्कर आलेल्या माणसासारखे बसून राहिले, कारण मी तसं सांगितलं होतं. ते बघताना मला इतकी लाज वाटली की मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

घरी चालतच आलो. चपलांच्या दुकानापाशी हे थांबले. मी म्हटलं, “डावीकडे.” हे म्हणाले, “माहितेय.” चार पावलं गेल्यावर म्हणाले, “तू बघितलंस.”

“हो.”

“सगळं?”

“सगळं.”

गल्लीच्या तोंडाशी आलो. मग म्हणाले, “त्याला काही बोलू नकोस. मीच त्याला गळ घातली होती.”

‘त्याला’ म्हणजे तुम्हाला, भावजी.

वर त्या फाइलमधलं वाक्य लिहिताना मी एक शब्द गाळला. तिथे “आधी मेन बंद, दादा” असं आहे. पहिल्या शब्दालाच मी आवाज ओळखला होता. तुमचा आवाज मी ओळखणार नाही? सगळ्यांत जुनी फाइल दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली आहे. त्याच उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडे येऊन राहिला होतात. दोघं भाऊ रोज सकाळी लिफ्टा बघायला जायचात, आणि मी दोघांना डबा भरून द्यायची. म्हणायची, भावाभावांचं किती गूळपीठ! तुम्ही गालात हसायचात. कसं हसू आलं हो तुम्हाला?

मला धक्का कशाचा जास्त बसला, यांचा की तुमचा, मला अजून ठरवता येत नाही. यांचं निदान आजारपण आहे. तुम्ही तर शुद्धीत होतात.

आणि तरी एक लिहिते. तुमच्या त्या फायली मी कितीदा तरी ऐकल्या. कुठेही आवाज चढलेला नाही, कुठेही ‘कितीदा सांगू’ नाही. एकात हे मधेच विचारतात, मघाशी सांगितलंस का रे हे? आणि तुम्ही म्हणता, नाही दादा, आत्ताच सांगतोय. खरं तर तुम्ही आधी सांगितलेलं होतं ना? तेवढं ऐकून मात्र मला रडू आलं. त्यामुळे या पत्रात तुम्हाला जे ऐकवायचं म्हणून बसले होते, त्यातलं निम्मंही लिहून झालेलं नाही.

उत्तर कागदावरच पाठवा. खालच्या पत्रपेटीची किल्ली माझ्याकडे असते. यांना फोन कराल तेव्हा नेहमीसारखंच बोला, ते तुम्हाला चांगलं जमतं.

तुमच्यावर रागावलेली,
वहिनी

*

ता. १८ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय भावजी,

आशीर्वाद. तुमचं पत्र पोचलं. जाऊबाईंनाही यातलं काही माहीत नव्हतं आणि त्या तुमच्याशी बोलत नाहीत, हे वाचून मला जरा बरं वाटलं. वाईट बाई आहे मी, पण वाटलं खरं. त्यांना म्हणावं, आता बोला. मी बोलतेय तर त्यांनी का बोलू नये?

तुम्ही लिहिलंय की हे एकदा कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवरून तुम्हाला फोन करून म्हणाले, अरे, पुढचं जरा सांग, आणि तुम्हाला वाटलं थट्टा करतायत. मग ते रडले. यांना रडताना मी आजवर पाहिलेलं नाही, लेकीला सासरी पाठवतानासुद्धा नाही. तुमच्या वाट्याला ते आलं, माझ्या नाही. त्याचं मला काय वाटलं ते विचारू नका. आणि ‘वहिनीला कळलं तर ती मला घरी बसवेल’ म्हणून तुम्हाला शपथ घातली, असंही लिहिलंय. बरोबर ओळखलं होतं यांनी. मी घरीच बसवलं असतं.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं, चक्करचं निमित्त करून. तपासण्या चालू आहेत. बाई चांगल्या आहेत. यांना बाहेर बसवून मला म्हणाल्या, गोळ्यांनी आजाराची चाल थोडी मंदावेल, मागे फिरणार नाही. यंत्रापाशी मात्र आता पाठवू नका. मी म्हटलं, ते तुम्ही त्यांना सांगा. त्यांनी सांगितलंही. यांनी मान डोलावली, दारापर्यंत आलो, आणि मला म्हणाले, सोमवारी रजा संपतेय ना गं?

आता तुमच्या पत्रातल्या मुख्य गोष्टीचं. ‘वहिनी, फोटो परत चढवा, दादाचा तो आधार आहे, तो काढून घेऊ नका.’ हे वाक्य वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि एक अख्खी पँट बेतली, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. भावजी, शेगडी, दार, रस्ता, शेजारचे काका, जावयाचं नाव, सगळं त्याच दिवशी संध्याकाळी परत चढवलं. या वेळी नक्कल केली, कापलं नाही. शिकले हो. लेकीला विचारून विचारून केलं, आणि तिला खोटंच सांगितलं की बाबांचे गमतीचे फोटो आहेत. यांचा फोन टुण्टुण् करत भरत गेला. हे पलंगावर बसून एकेक येताना बघत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “बरं झालं. घर आलं.” मी उठून आत गेले.

पण ‘काम’ मी चढवलेलं नाही.

ते माझ्या संगणकातच आहे, आणि तिथंच राहणार. हे मी यांना सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी विचारलं, “कामाचं आलं का गं?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “येतंय अजून. नेट मंद आहे.” झालं. एकदा म्हटल्यावर रोज म्हणायला लागले. रोज सकाळी हे दाढी करून, कामाचे कपडे घालून टेबलापाशी येतात, आणि विचारतात, आलं का? मी म्हणते, येतंय. मग हे म्हणतात, मोठ्या फायली आहेत, वेळ लागणारच. मलाच समजावतात! मी मान खाली घालून खडूच्या रेघा मारत राहते. एकदा तर सरळ कापडावर चुकीची रेघ मारली आणि बाही वाया घालवली.

तुम्ही म्हणाल, वहिनीनं मला खोटेपणावरून एवढं झापलं आणि आता स्वतः तेच करतेय. करतेय. पण तुमच्या खोट्यावर लिफ्टा वरखाली होत होत्या, भावजी. यांच्या कानात तुमचा आवाज, आणि लिफ्टच्या आत माणसं. कधी तुमचा आवाज पोचलाच नसता तर? नेट गेलं तर? मी माझी कोटाची कॉलर नेटच्या भरवशावर ठेवायला तयार नाही, तुम्ही जिवंत माणसं ठेवलीत. त्या दिवशी फोन रिकामा निघाला तो माझ्यामुळे, हे मला मान्य. पण हे तेव्हा हात बांधून बसले, अंदाजानं दांडा सोडला नाही, म्हणून त्या बाई दाढ काढून घरी गेल्या. पुढच्या खेपेला हे हात बांधूनच बसतील असं तुम्ही मला लिहून द्याल? नाही ना? मग मीही देणार नाही ते फोटो.

यांना अंधारात ठेवून यांचं काम काढून घेतलं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटतं. भांडी घासताना वाटतं, वर्गात बायकांना हसवताना वाटतं. यांना समोर बसवून म्हणावं, अहो, पुरे आता, तुम्हाला ते येत नाही. तोंड उघडते आणि त्या खोलीतला तो प्रश्न आठवतो, त्याच्यापुढे काय असतं गं. मग माझ्याच्यानं बोलवत नाही. सगळ्या जगाशी भांडणारी मी, आणि यांच्यापुढे माझी बोलती बंद.

म्हणून तुम्ही या. पत्र कुरियरनं पाठवतेय, शनिवारी निघा, रविवारी पोचा. कंपनीत मी बोलून ठेवलंय, सोमवारपासून येणार नाहीत एवढंच, कारण नाही सांगितलं. पण यांना ते तुमच्याच तोंडून कळायला हवं. तुमच्याच आवाजावर यांचा विश्वास आहे, तो दोन वर्षं तुम्ही फुकट नाही कमावलेला. त्याच आवाजात सांगा. घाई करू नका, आणि विचारलं की मघाशी सांगितलंस का, तर म्हणा, नाही दादा, आत्ताच सांगतोय.

हे सगळं काल लिहून पाकीट बंद केलं होतं. आज सकाळी परत फोडलं.

आज हे आले. दाढी केलेली होती. कामाचे कपडे नव्हते, घरातलाच सदरा होता. मी मनाशी उत्तर तयार ठेवलं होतं, येतंय, आज उद्या येईल. हे समोरच्या खुर्चीवर बसले, माझ्या पसरलेल्या कापडाचं एक टोक धरलं, आणि म्हणाले, “काप, मी धरतो.” मी कापायला लागले. थांबून थांबून कापत होते, आता विचारतील, आता विचारतील. अख्खी पाठ कापून झाली. विचारलंच नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं ना, भावजी? मी उगाच कात्री पुसत बसले. हे विसरले, की यांना समजलं? चेहऱ्यावरून काही कळेना. आणि या दोन्हीतलं काय असावं म्हणून मी प्रार्थना करायची, तेही मला कळेना.

यांना विचारायची माझी छाती होत नाही. तुम्ही येऊन विचारा.

वाट बघतेय,
वहिनी